आडनावातले गाव

बदली होऊन कोलकात्याला गेलेल्या मराठी कुटुंबाला आडनावांची गंमत लवकरच कळते. उत्तर कोलकात्यात, बागबाजारपासून जवळच, आर. जी. कर हॉस्पिटल आहे. पाटी वाचून मराठी गृहिणीच्या मनात येते, ‘कर’च्या आधीचे गाव गेले कुठे? पण डॉक्टर राधागोविंद यांचे आडनावच मुळी ‘कर’! शेजारच्या माशीमांना मात्र समजावून सांगावे लागते, की आमच्याकडे ‘कर’ म्हणजे त्या गावचा राहणारा.

ही पद्धत केवळ आपलीच नाही. बंगालमधल्या चट्टोपाध्याय, बंद्योपाध्याय या आडनावांचा संबंधही जुन्या गावांशी जोडला जातो. दूर जर्मनीत आपल्या ‘कर’चे काम ‘अर’ करतो. हॅम्बुर्गर म्हणजे हॅम्बुर्गचा, वीनर म्हणजे व्हिएन्नाचा. माणूस गाव सोडतो, तेव्हाच त्याला गावाचे नाव चिकटते. गावात राहणाऱ्याला त्याची गरजच काय?

बागबाजारात मराठ्यांची आठवणही एका नावातच उरली आहे. तिथल्या एका गल्लीचे नाव मराठा डिच लेन. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा त्यांच्या भीतीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला गेला. तो पुरा झाला नाही आणि मराठे कोलकात्यात आलेही नाहीत. पण ‘बारगीर’चा ‘बर्गी’ झाला आणि बंगाली आयांच्या अंगाईत जाऊन बसला.

अशा प्रांतात एक मराठी आडनाव मानाने रुजले. सखाराम गणेश देऊस्कर यांचे पूर्वज कोकणातल्या देऊस गावचे. ते आजच्या झारखंडमधल्या देवघरजवळच्या करौं गावी स्थायिक झाले. तिथे १८६९ मध्ये सखाराम जन्मले. लहानपणीच आई गेली. आत्याने सांभाळले आणि मराठीची गोडी लावली. पुढे ते बंगालीचे नामवंत लेखक झाले. १९०२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोलकात्यात शिवाजी उत्सव झाला. ज्या शहराने मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला, त्याच शहरात १६० वर्षांनी शिवरायांचा जयजयकार घुमला. त्यांच्याच आग्रहावरून रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. इंग्रजांनी केलेली देशाची लूट मांडणारे सखारामांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये निघाले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

खरी कसोटी लागली ती सुरतच्या १९०७ च्या काँग्रेसनंतर. ‘हितवादी’चे संपादक असताना त्यांना टिळकांविरुद्ध लिहायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि नोकरी सोडली. १९१२ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, ते करौं इथे वारले.

सखारामांची लेखणी बंगाली होती, नाव मात्र देऊस्करच राहिले. परप्रांतात वाढणारी मुले कधीतरी विचारतात, ‘आई, आपल्या आडनावातले गाव कुठे आहे?’ तेव्हा नकाशा उघडून त्यांच्यासोबत बसावे. गाव सापडेल, आणि कदाचित एखादा पूर्वजही.