जळगाव ते मक्का : २२ तासांचा हिशेब

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. उमऱ्याला निघणाऱ्या खान्देशातल्या घरांत हाच आकडा सांगितला जातो आणि वडीलधाऱ्यांना वाटते, सकाळी बसलो की दुपारी पोहोचलो. आमच्या अम्मीचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, रोज इन्सुलिन. म्हणून आम्ही विमानाचा नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून मक्केतल्या खोलीपर्यंतचा हिशेब मांडला.

जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर : ७ तास. स्टेशनावरून विमानतळ : दीड तास. तिथे रांगा, तपासणी, वाट पाहणे : ४ तास. विमान : साडेपाच. जेद्द्यात पासपोर्ट आणि सामान : २. पुढे मक्केपर्यंत बस : २. एकूण २२ तास. त्यातला हवेतला प्रवास फक्त पाव हिस्सा! धुळ्याचे मामू-मुमानी गाडीने मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा घाट करत आले. त्यांचाही हिशेब जवळपास तेवढाच भरला.

हा कागद अम्मीसमोर ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मग मुंबईत एक रात्र थांबू या." खर्च वाढत होता, पण तेच ठरले. तिला चार तास पाठ टेकायला मिळाली, ते पुढे तवाफच्या वेळी कामी आले.

घड्याळाचाही विचार हवा. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. पश्चिमेकडे जाताना आपण सूर्याच्या मागे मागे जातो. मुंबई आणि जेद्दा यांच्यात सुमारे ३४ रेखांशांचे अंतर आहे, आणि एका रेखांशाला ४ मिनिटे. म्हणजे दिवस सव्वादोन तासांनी लांबतो. दुपारी निघालो तर अस्र आणि मगरिबमधला वेळ वाढलेला दिसतो. इन्सुलिन घेणाऱ्याचा दिवसही तेवढाच लांबतो. आमच्या डॉक्टरांनी डोस आणि जेवणाच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. औषध आणि चिठ्ठी आम्ही हातातल्या पिशवीत ठेवली. सामानाच्या बॅगेत इन्सुलिन टाकू नये. तिथल्या थंडीत ते गोठून खराब होऊ शकते.

थेट मक्केला जाणाऱ्यांनी एहराम मुंबईतच बांधून घेतलेला बरा. मीकात विमानातच येतो, आणि तिथल्या छोट्या न्हाणीघरात कपडे बदलणे वृद्धांना जड जाते. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नाही.

परतीला विमान पाऊण तास लवकर पोहोचते, कारण उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पण अंगात थकवा असतो आणि सोबत झमझम, खजूर. तेव्हा परतीच्या रेल्वेचे तिकीट विमान उतरण्याच्या वेळेला चिकटून काढू नये.

आमचे दादा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. समुद्रावरच दिवसामागून दिवस जात. १९९५ पासून हाजींची जहाजे बंद झाली. त्या मानाने २२ तास काहीच नाहीत. मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते आधी सांगावेत, म्हणजे तेही त्यांच्या तयारीने निघतील.