पाण्यामागची हवा

टक्... घुर्रर्र... टक्. लांज्याजवळच्या त्या घराच्या पडवीत पाऊल टाकलं आणि आवाजावरूनच दुखणं कळलं. मागीलदारी भांडी घासणं चाललं होतं. नळ सोडला की पंप सुरू, मिटला की बंद, पुन्हा सोडला की पुन्हा सुरू. "गेल्याच महिन्यात मोटारीचं वाइंडिंग करून आणलं. आता टाकीच बदला म्हणतायत," आजी काकुळतीला येऊन म्हणाल्या.

विहिरीच्या पंपाला जोडलेली प्रेशर टाकी असते लोखंडाची, पण राबते तिच्यातली हवा. पाणी दाबून दबत नाही, हवा दबते. आतल्या रबरी फुग्यात पाणी शिरतं, भोवतालची हवा आवळते आणि पंप थांबल्यावर तीच हवा पाणी नळापर्यंत लोटत राहते. पंप २० पौंडांवर सुरू आणि ४० वर बंद होत असेल, तर २४ लिटरच्या टाकीतून मधल्या वेळात सुमारे ८ लिटर पाणी मिळतं. हवा पार गेली की फुगा पत्र्याला जाऊन चिकटतो. मग तांब्याभर पाणी घेतलं तरी दाब कोसळतो. दर वेळी सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते. मोटारी जळतात त्या अशा.

"हवा मोजायची तर आधी टाकी रिकामी," माझे उस्ताद सांगायचे. पाणी असताना गेज लावलं तर पाण्याचाच दाब हवेच्या नावावर दिसतो आणि भरवसा वाटतो. म्हणून मी मेन स्विच पाडला, खालचा नळ उघडून शेवटचा थेंब गळू दिला आणि टायरचं गेज लावलं. काटा हललाच नाही. व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली. पाणी आलं असतं तर फुगा फाटलेला. बोट कोरडं राहिलं. फुगा शाबूत होता.

नातवाच्या सायकलचा पंप घेऊन १८ पौंड हवा भरली. पंप सुरू होतो त्याच्यापेक्षा २ कमी. जास्त भरली तर पंप जागा व्हायच्या आत टाकी संपते आणि नळ मधेच अडखळतो. व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावला, तर बारीक बुडबुडे आले. चोर सापडला! टायरवाल्याकडे मिळते तसली नवी पिन बसवली, हवा पुन्हा १८ वर आणली. या टाकीसाठी एवढंच लागत होतं.

पंप सुरू करून टाकी भरू दिली. आजींनी नळाखाली बादली लावली. बादली अर्ध्यावर आली तरी पंप गप्प. त्या भांड्यांकडे न बघता कान देऊन उभ्या होत्या. मी खडूनं टाकीवर '१८' लिहिलं, खाली तारीख घातली आणि सहा महिन्यांनी पुन्हा हवा बघायला येतो म्हणून सांगितलं.