नाव ठेवावं, पण विचार करून

मराठीत एका अनुस्वारानं केवढा फरक पडतो पाहा. बाळाचं आपण ‘नाव’ ठेवतो आणि शेजारणीला ‘नावं’ ठेवतो. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरी ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती आणि दोन्हींचा धनीही एकच होता. जेमतेम सहा आठवड्यांचं, तपकिरी रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला, असं कुत्र्याचं पिल्लू!

आम्ही दिल्लीत राहतो. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली भुरी नावाच्या गल्लीतल्या कुत्रीला चार पिल्लं झाली होती. त्यातली तीन पार्व्होनं गेली. उलट्या, रक्ताचे जुलाब आणि दोन दिवसांत सगळं संपलं. चौथं कसंबसं तगलं. आमच्या लेकीनं ते टॉवेलात गुंडाळून वर आणलं आणि सरळ आजीपुढे ठेवलं.

सासूबाईंनी त्याला कोमट दूध-पाणी पाजलं, पण बजावलं, “पाऊस थांबेपर्यंत राहू दे. नाव मात्र ठेवू नका हं. नाव ठेवलं की ते घरचं होतं. मग त्याचं दुखणंखुपणंही घरचंच.”

त्यांचं म्हणणं उगीच नव्हतं. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी मोती नावाचा कुत्रा होता. तो गेला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आज साठ वर्षं होऊन गेली, तरी मोतीचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जातात.

लेक ऐकते थोडीच! “आजी, नावाशिवाय त्याला हाक कशी मारायची?”

“धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेला, त्या कुत्र्याला तरी कुठं नाव होतं?”

“पण आजी, तो खरा कुत्रा नव्हताच. तो यमधर्म होता!”

सासूबाई निरुत्तर झाल्या, पण राजी काही झाल्या नाहीत.

इकडे बातमी इमारतभर पसरली आणि सूचनांचा पाऊस सुरू झाला. पहिल्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंना ‘शेरू’ हवं होतं. समोरच्या बंगाली आजोबांनी ‘भुलो’ सुचवलं. तामिळ मास्तर म्हणाले, आमच्या गावाकडे कुत्रा म्हटला की ‘मणी’. केरळच्या नर्सबाईंच्या मते ‘कैसर’सारखं रुबाबदार नाव नाही. गंमत वाटली. जर्मनीचा कैसर १९१८ साली गादीवरून उतरला, पण त्याची पदवी केरळच्या अंगणात अजून शेपूट हलवते आहे! आणि इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टॉमी, टायगर, जिमी ही मंडळी देशभर ठाण मांडून आहेत. आपल्याकडचे मोती, वाघ्या, खंड्या, काळू मात्र हळूहळू मागे पडत चालले आहेत.

घरातही एकमत होईना. लाडानं कुणीतरी ‘सोन्या’ म्हणालं, तर सहा वर्षांचे चिरंजीव गाल फुगवून बसले. कारण आजी त्यांनाच सोन्या म्हणते. दुसऱ्या दिवशी ‘सोन्या, जेवायला ये’ अशी हाक आली, तर हे जागचे हलेनात. “त्यालाच वाढ,” म्हणाले. ते नाव तिथेच बाद झालं. आमच्या ह्यांना ‘शोले’मुळे ‘बसंती’ फार आवडलं होतं, पण पिल्लू नर निघालं. शिवाय ‘बस’ ही आज्ञा त्या नावातच दडलेली. हाक मारली की बिचारं यायचं की बसायचं?

एका परिचितांनी तर न पटणाऱ्या एका शेजाऱ्याचंच नाव सुचवलं. म्हणाले, “मजा येईल!” ते मी ऐकताक्षणी नाकारलं. कुणाला खिजवण्यासाठी ठेवलेल्या नावातली खोच कुत्र्याला कळत नाही, पण जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला ती रोज टोचते.

गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी सोपं गणित सांगितलं. नाव दोन-तीन अक्षरांचं असावं. घरातल्या आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाला ते सारखंच उच्चारता आलं पाहिजे. ‘बस’, ‘नो’, ‘ये’ अशा आज्ञांशी त्याचा घोटाळा होऊ नये. सुरुवातीला नाव घेतलं, पिल्लानं वळून पाहिलं, की लगेच पोळीचा तुकडा द्यावा. आणि रागावताना नाव घेऊ नये, नाहीतर हाक आली की ते लपून बसतं. कुत्र्यांना नावं कळतात यात मात्र शंका नाही. अमेरिकेतल्या चेझर नावाच्या बॉर्डर कोली कुत्रीला तिच्या मालकानं १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. तिथे आमच्या पिल्लाला एक शिकायचं होतं आणि तेच आमचं ठरत नव्हतं.

अशातच ११ ऑगस्ट उजाडला. दिल्ली आणि आसपासच्या भागातले भटके कुत्रे पकडून निवाऱ्यात ठेवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, असं ठरलं. मधल्या त्या अकरा दिवसांत आमच्या वसाहतीत उभी फूट पडली. सभेत एक बाई उठल्या. त्यांच्या मुलाला आदल्या वर्षी कुत्रा चावला होता. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, हे त्यांनी रात्र-रात्र जागून अनुभवलेल्या भीतीनं सांगितलं. दुसरी बाजू कळवळून म्हणत होती, “आमची भुरी असं करणार नाही. आमचा काळू गरीब आहे.”

मग त्या बाईंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या भुरीला रेबीजची लस कधी दिली?”

सभा गप्प झाली. नाव ठेवणारे पुष्कळ होते. लस टोचायला नेणारं कुणी नव्हतं.

सासूबाई मागच्या खुर्चीवर बसून सारं ऐकत होत्या. घरी येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिल्लाला पहिल्या लशीसाठी न्यायचं होतं, तर त्या पातळ बदलून तयार! “मी येते,” एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यात कार्ड भरताना कंपाउंडरनं विचारलं, “नाम?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. सासूबाई म्हणाल्या, “दगडू लिहा.”

लेकीचा चेहरा पडला. “आजी! दगडू काय? मैत्रिणी हसतील ना!”

“हसू देत. अगं, आमच्या वेळी एखाद्या घरी मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, नाहीतर केरू ठेवायचे. दगडाला कोण नेतंय? काळाची नजर जाऊ नये, म्हणून. याची तीन भावंडं गेली. हा राहायला हवा.”

कार्डावर ‘दगडू’ लिहिलं गेलं. पंजाबी काकूंच्या तोंडी त्याचं ‘डग्गू’ झालं आणि ते त्यालाही चालतं. रेबीजच्या लशीची तारीख सासूबाईंनी स्वतः कालनिर्णयावर लाल पेनानं लिहिली. ते कार्ड त्यांच्या पोथ्यांच्या कप्प्यात असतं. भुरीची नसबंदी आणि लस वर्गणी काढून झाली. वर्गणीच्या वहीत पहिली सही, सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईंची आहे.

तुमच्याही घरी नवं पिल्लू आलं असेल, तर नाव खुशाल कुठलंही निवडा. शेरू ठेवा, मणी ठेवा, मोती ठेवलंत तर उत्तमच. फक्त त्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून विचारा. पहाटे फिरायला कोण नेणार? लशीची तारीख कोण लक्षात ठेवणार? मे महिन्यात गावी गेल्यावर त्याला कुणाकडे ठेवणार? हे बारा-चौदा वर्षांचं काम आहे. ज्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं असतील, त्यालाच नाव ठेवू द्या.