मोत्याचा नवतपा

नवतपा लागला की तिरोड्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. मोत्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गादीला. बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. म्हणून भर दुपारी त्याला बाहेर काढायचं नाही. संध्याकाळीसुद्धा आधी डांबरावर हात टेकवून बघते. मला सोसवलं तरच त्याचे पाय तिथं पडतात. पोट आणि पंजे ओले केले, कुलरसमोर जागा दिली की तो निवतो. उन्हाळा आला म्हणून केसाळ कुत्री मुळापासून भादरणाऱ्यांचा मला राग येतो. ते केसच त्यांना उन्हापासून वाचवतात!

थंडीत इथला पारा दहाच्याही खाली उतरतो, फरशी गारठते. धानाचा जिल्हा, तणस हवी तेवढी. कोरडी तणस पोत्यात भरून अंथरते, ओलसर झाली की बदलते. यंदा पोतं जाड भरायचं. मोत्याचे सांधे आखडू लागलेत.