अब्बांचे गुलाब

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा आमच्या अंगणात पाच गुलाब होते. पावसाळा आला तेव्हा तीन उरले होते. मधल्या काळात दोन आम्ही खाऊ घालून मारले.

आमचे घर भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचे. पूर्णेच्या काठची काळी जमीन, शिवारात कापूस, मका, सोयाबीन. अशा गावात घराच्या कोपऱ्यात खताची अर्धी गोणी पडलेलीच असते. डीएपी, युरिया, कधी दहा-सव्वीस-सव्वीस. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे असलो तरी आम्ही शेतकऱ्याच्याच घरचे, त्यामुळे खत कळते असा आमचा समज होता.

अब्बांची पद्धत साधी होती. पाचांपैकी दोन गुलाब गावठी, फिकट गुलाबी, वासाचे. तीन कलमी, लाल. बकरीदच्या आधी महिना-दीड महिना बकरा दारात बांधलेला असे. त्याच्या लेंड्या अब्बा रोज सकाळी झाडून परसातल्या खड्ड्यात टाकत, वर पालापाचोळा, मधूनमधून पाण्याचा हबका. चुलीची राख मात्र त्या खड्ड्यात पडू देत नसत. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटणी करायचे, खुरप्याने आळे सैल करायचे, दोन-तीन दिवस मातीला ऊन लागू द्यायचे आणि मग कुजून काळे झालेले ते लेंडीखत झाडाला एक घमेले. नंतर थेट फेब्रुवारीत थोडेसे. इतकेच. दीड-दोन महिन्यांनी फुले यायची. लाल फुले शेजारपाजारी, शाळेत जात. गावठी गुलाबाच्या पाकळ्या अम्मी खडीसाखरेत घालून गुलकंदाची बरणी उन्हात ठेवी.

2023च्या फेब्रुवारीत अब्बा गेले. अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस तिला दिसायचे ते एवढेच: ओसरी, अंगण आणि समोरचे पाच गुलाब. आमच्या मनात आले, निदान तिच्या डोळ्यांसमोर फुले तरी असू द्यावीत. तेव्हा बहर ओसरत आला होता. मग आम्ही कामाला लागलो.

पहिल्या जुम्याला प्रत्येक झाडाला मूठभर डीएपी. पंधरा दिवसांनी पुन्हा मूठभर. पाने गडद हिरवी झाली, लांबलचक कोवळे फुटवे आले, आम्ही खूश. पण फुटव्यांच्या टोकाला कळी नाही, मावा. म्हणून थोडा युरिया. मावा आणखी वाढला. रमजान आला, पाहुणे येत-जात राहिले, आणि प्रत्येकाकडे गुलाबाचा एक उपाय होता. कुणी म्हणाले, चहाचा चोथा घाला. घातला, साखरेचा, त्याला मुंग्या लागल्या. कुणी अंड्याची टरफले सांगितली, कुणी केळीच्या साली. तालुक्याच्या एका दुकानदाराने एकोणीस-एकोणीस-एकोणीसचे पाकीट दिले, “ह्याने फुलतोच” म्हणाला. तेही विरघळवून ओतले. अम्मी ओसरीवरून बघत असे. एकदाच म्हणाली, “तुमचे अब्बा इत्ता कब्बी नहीं डालते थे.” आम्हाला वाटले, दुःखातून बोलते आहे.

एप्रिल सरला, पारा चाळिशीच्या पुढे गेला. आधी पानांच्या कडा करपल्या, जणू कुणी उदबत्ती टेकवली. मग एक लाल गुलाब आठ दिवसांत वरून खाली वाळत गेला. मेच्या मध्यावर त्याच्या शेजारचा गावठी गुलाबही गेला. तो अब्बांनी सर्वांत आधी लावलेला होता. अम्मी त्या दिवशी काही बोलली नाही. तिने काही बोलावे असे आम्हाला फार वाटत होते.

वाळलेली झाडे उपटताना आम्ही हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. कपाशीला एकरी एक गोणी डीएपी देतात, म्हणजे 50 किलो. एकरात 43,560 चौरस फूट. एका चौरस फुटाला सव्वा ग्रॅमही पडत नाही. आमचा गुलाबाचा वाफा दहा फूट बाय चार, म्हणजे 40 चौरस फूट. त्या सगळ्या वाफ्याला मिळून साधारण 46 ग्रॅम पुरले असते. आमच्या पाच मुठी म्हणजे साडेतीनशे ग्रॅम, आणि त्या दोनदा. वर युरिया. वर पाकीट. खत म्हणजे शेवटी क्षारच. मातीत क्षार मुळातल्यापेक्षा जास्त झाले की झाडाला पाणी ओढता येत नाही. ओल्या मातीत उभे राहून झाड तहानेने मरते. त्यात तो काळ कडक उन्हाचा, गुलाब स्वतःच मंदावलेला. ताप आलेल्या माणसाला बिर्याणीचा आग्रह करावा तसे आम्ही केले.

उरलेल्या तिघांचे खत तिथेच थांबवले. तरी जूनमध्ये त्यांची पाने पिवळी पडू लागली. आता हा काय प्रकार? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी एक प्रश्न विचारला आणि तो आम्ही आता सगळ्यांना विचारतो: पिवळे कोणते पान आहे, जुने की नवे?

झाडात नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. घरात जेवण अपुरे असले की मोठी माणसे आपल्या ताटातले लहानांपुढे सरकवतात, तसे झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. लोहाचे तसे नाही. एकदा पानात बसलेले लोह फारसे हलत नाही. म्हणून लोह कमी पडले की कोवळी, वरची पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी विणल्यासारख्या. आमच्या गुलाबांची तीच गत होती. नत्राने ठासून भरलेले आणि लोहासाठी भुकेले. एकोणिसाव्या शतकातल्या लिबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने एक पिंप सांगतात, सरही फळ्यावर काढतात: ज्याच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत त्या पिंपात पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहते. बाकीच्या फळ्या कितीही वाढवा. आम्ही चार महिने चुकीच्या फळ्या वाढवत होतो.

मातीचा नमुना जालन्याजवळ खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दिला. अहवालात सामू 8.3 आला, म्हणजे माती विम्लधर्मी. मुक्त चुना भरपूर, स्फुरद गरजेच्या कितीतरी पुढे, आणि उपलब्ध लोह कमी. ‘उपलब्ध’ हा शब्द नीट वाचावा. आपली काळी जमीन लाव्हाच्या खडकापासून झालेली आहे, तिच्यात लोह भरपूर असते. पण चुनखडीच्या मातीत ते अशा रूपात बांधले जाते की मुळांना उचलता येत नाही. मातीत साचलेला जादा स्फुरद हे काम आणखी अवघड करतो. म्हणजे आमच्या डीएपीने मुळे तर जाळलीच, वर होते ते लोहही अडवले. अंड्याची टरफले म्हणजे नुसता चुना; ज्या मातीत चुना जास्त तिला आम्ही चुना वाढला. राखेचेही तेच, तीही मातीचा सामू वर नेते. अब्बा तिला खड्ड्यात का पडू देत नव्हते, ते त्या दिवशी कळले.

पण एक गोष्ट अहवालात नव्हती. पूर्वीही माती हीच होती आणि गुलाब हिरवे होते. मग बदलले काय? हे अम्मीने सांगितले, बादली घेऊन निघालो होतो तेव्हा. “मिट्टी गीलीच है बेटा, फिर कायकू डालते पानी?”

माती खरोखरच ओली होती. भर जूनमध्ये, पाऊस नसताना. वाफ्याच्या कडेला अब्बा लोट्याने वजू करत असत, दीड-दोन लिटरांत. ते पाणी वाफ्यात जाई आणि तेवढेच त्याला पुरे होई. अब्बा गेल्यावर घरात माणसांची ये-जा वाढली म्हणून आम्ही ओसरीजवळ बोअरचा नळ बसवला आणि त्याची नाली सरळ वाफ्यात सोडली. वजूचे पाणी साबणाचे नसते, स्वच्छ असते, झाडांना गेलेले बरे असा विचार. विचार चांगला होता. पण नळाखाली एका वजूला चार-पाच लिटर सहज जातात, घरात सहा माणसे, पाच वेळच्या नमाजा, शिवाय पाहुणे. दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी त्या 40 चौरस फुटांत मुरत होते. (वजूतही पाणी जपून वापरावे हे लहानपणापासून ऐकलेले, नळ आला की माणूस विसरतो.) काळ्या मातीतून पाणी लवकर निचरत नाही. सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती लोह उचलू शकत नाहीत. त्यात बोअरचे पाणी जड. नळाच्या तोंडावर आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो, तोच चुना रोज पाच वेळा मातीत जात होता.

गंमत अशी की गुलाब हा शब्दच मुळात पाण्याचा आहे. फारसीत फुलाला गुल आणि पाण्याला आब. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपल्याकडे येता येता पाण्याचे नाव फुलाला लागले. हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो.

आम्ही नाली वळवली. वाफ्याची माती चाळून तिच्यात वाळू आणि जुने कुजलेले शेणखत मिसळले आणि वाफा जमिनीपासून वीतभर उंच केला. खत पूर्ण बंद. वरची दोन बोटे माती सुकल्याशिवाय पाणी नाही. पिवळेपणासाठी हिराकस. बाजारात स्वस्त मिळते, पण या मातीत ते मुळाशी टाकून उपयोग नाही, चुना त्याला लगेच बांधून टाकतो. म्हणून पानांवर फवारायचे: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व, असरनंतर ऊन उतरल्यावर, दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीनदा. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस बघावे, पाने फार कोवळी असतील तर निम्मेच घ्यावे. मातीतूनच द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह मिळते, ते चुनखडीतही टिकते, पण महाग पडते. जुने कातिब माजूफळ आणि हिराकस यांच्यापासून शाई करत असत. आमच्या बोटांवर फवारणीचे डाग पडले तेव्हा ते आठवले. डाग आठवडाभर निघाले नाहीत.

इद्दत संपली आणि चार-पाच दिवसांत, 29 जूनला, बकरीद आली. एका नातेवाइकाने कुर्बानीची हाडे गुलाबाखाली पुरायला सांगितली. आम्ही नको म्हटले. एक तर कुत्री सगळा वाफा उकरतात, आणि दुसरे, हाडांतला स्फुरद विम्लधर्मी मातीत फारसा विरघळतच नाही. शिवाय आमच्या मातीला स्फुरदाची गरजच नव्हती. लेंड्या मात्र गोळा केल्या. ताज्या घातल्या तर त्याही मुळे भाजतात. तीन-चार महिने कुजल्या की खत होते. चंद्राच्या हिशेबाने ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि गुलाबाची छाटणी मात्र ऑक्टोबरातच. त्यामुळे अब्बांचा खड्डा दरवर्षी थोडा अधिक मुरत असे.

ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली, त्या वर्षी ती सगळ्या महाराष्ट्रावरच फिरवली. शेताचे वाईट झाले. गुलाबांना मात्र त्या कोरड्याने सावरले. ऑक्टोबरात छाटणी केली. छाटताना दिसले की एका लाल गुलाबाला कलमाच्या गाठीखालून जाड, काटेरी फुटवे आले होते. ते रानटी खुंटाचे असतात, कलमाचे फूल देत नाहीत आणि सगळे खात बसतात. कापून चालत नाही, मुळापाशी ओरबाडून काढावे लागतात. ते काढले. झाडाला एक घमेले लेंडीखत, शंभर ग्रॅम निंबोळी पेंड, खोडापासून वीतभर दूर, मातीत मिसळून, आधी आणि नंतर पाणी. नव्या फुटव्यांवर मटाराएवढ्या कळ्या दिसल्या तेव्हा पालाशसाठी चमचाभर सल्फेट ऑफ पोटॅश. रासायनिक खतावर आमचा राग नाही. चमचा आणि मूठ यांतला फरक कळायला आम्हाला दोन झाडे लागली, एवढेच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुले आली. लाल गुलाबांना अकरा. उरलेल्या गावठी गुलाबाला फेब्रुवारीपर्यंत थांबावे लागले. त्या सकाळी अम्मीने फजरनंतर पाकळ्या स्वतः तोडल्या, आम्हाला हात लावू दिला नाही. एका झाडाच्या पाकळ्यांनी बरणी अर्धीच भरली.

मेलेल्या गुलाबांच्या जागी लगेच नवे गुलाब लावायचे नसतात, त्याच मातीत ते नीट धरत नाहीत. त्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. नळाची नाली आता परसात जाते. तिथे अम्मीने केळ लावली आहे आणि तिच्या पायथ्याशी पुदिना. त्याला कितीही पाणी चालते.