वर्ष संपताना छोटी शाळा

महाराष्ट्रातल्या लहान गावातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथीचे चार वर्ग. शिक्षण हक्क कायद्याने ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, अशी वाटणी मग आपोआप होते. त्याच आवारात, नाहीतर हाकेच्या अंतरावर, अंगणवाडी असते. तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत येते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास चौथी होऊन बाहेर पडते. बालपणाची सहा-सात वर्षे एवढ्याशा जागेत जातात. अशा शाळेत वर्षअखेरीला परीक्षा आणि निकाल असतातच, पण त्याहून मोठे काम वेगळे असते. मुलाविषयी वर्षभरात जे कळले, ते नीट नोंदवून पुढच्या हाती सोपवण्याचा हा काळ आहे.

होळी उलटली की शाळा सकाळची होते. सातच्या सुमारास भरायची आणि ऊन चढायच्या आत सुटायची. परिपाठ मैदानातून झाडाखाली किंवा व्हरांड्यात येतो, खिचडीची चूल लवकर पेटते आणि पाण्याच्या माठाभोवती गर्दी वाढते. पाठ्यपुस्तकांची कव्हरे एव्हाना निखळलेली असतात. जूनमध्ये आईचा पदर न सोडणारी पहिलीची मुले आता फळा पुसायचा मान कोणाचा यावरून भांडतात आणि एसटीवरची पाटी अक्षर लावून वाचतात.

दोन इयत्ता एका खोलीत बसण्याचा परिणाम याच दिवसांत स्पष्ट दिसतो. पहिलीच्या मुलांच्या कानावर दुसरीचे धडे वर्षभर पडलेले असतात. मार्चमध्ये दुसरीची कविता सुरू झाली, की पहिलीची पोरे ती अर्ध्यातून उचलतात. त्यांना अजून ती नीट वाचता येत नसते, पण चाल आणि शब्द पाठ असतात. बहुवर्ग अध्यापनात शिक्षकाची ओढाताण होते, यात शंका नाही. एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला वाचायला लावायचे आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायचे, हे काम थकवणारे आहे. तरीही पुढची इयत्ता परकी वाटू न देण्याची सोय या खोलीत आपसूक झालेली असते. मोठी मुले लहानांना शिकवू लागतात, तेव्हा त्यांचेही पक्के होते.

अभ्यासक्रम संपत आल्यावर तासांचे वेळापत्रक थोडे सैल होते. चांगला शिक्षक हा मोकळा वेळ एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेण्यात घालवतो. जोडाक्षर आले की थांबणारे मूल कोणते, ओळीवर बोट ठेवूनच वाचणारे कोणते, वाचते सफाईने पण विचारल्यावर काहीच सांगू शकत नाही असे कोणते, हे सगळे त्या पाच-दहा मिनिटांत उलगडते. वर्गाला एकत्र म्हणायला लावले की हे फरक आवाजात बुडून जातात. पट लहान असल्याचा खरा फायदा इथे आहे. प्रत्येक मुलाची पाळी येते आणि कोणीही नजरेतून सुटत नाही.

त्यानंतर मूल्यमापन येते. महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत लागू झाली. तिच्यात आकारिक आणि संकलित असे दोन भाग आहेत. आकारिकमध्ये रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, वर्गकार्य हे सारे मोडते, तर संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकला ७० आणि संकलितला ३० गुणांचा भार असतो, तर तिसरी-चौथीला तो अनुक्रमे ६० आणि ४० असतो. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२ अशा श्रेणी उतरत जातात. या आकड्यांमागे एक स्पष्ट विचार आहे. सहा-सात वर्षांचे मूल एका दिवशी कागदावर काय उतरवते, यापेक्षा ते वर्षभर काय करत होते याला अधिक वजन द्यायचे. त्या दिवशी ताप असेल, रात्री घरात भांडण झाले असेल, पेन्सिलच हरवली असेल. लहान मुलाचे वर्ष एवढ्या कारणांवर तोलणे अन्यायाचे आहे, आणि ही पद्धत ते ओळखते.

परीक्षा कधी घ्यावी, हाही वादाचा विषय झाला आहे. २०२५ मध्ये राज्यस्तरावरून पहिली ते नववीसाठी एकच वेळापत्रक आले आणि परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या गेल्या. आधी परीक्षा लवकर उरकत आणि मग एप्रिलभर वर्ग ओस पडत, ते टाळावे हा त्यामागचा हेतू होता. विदर्भ-मराठवाड्यातून उन्हाची तक्रार झाली आणि तीही रास्त होती, कारण पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या अखेरीस मुलांना बसवणे सोपे नाही. मात्र मुळात परीक्षा झाली की शाळा संपली, असे पालकांना आणि शिक्षकांनाही का वाटावे, हा प्रश्न तारखांच्या पलीकडे उरतो. पेपर संपल्यावरचे दिवस गोष्टी वाचण्याचे, चित्रांचे, बिया गोळा करण्याचे, विहिरीची खोली कशी मोजतात हे पाहायला जाण्याचे असू शकतात. ज्या शाळांत ते तसे जातात, तिथे मुले निकालापर्यंत येतच राहतात.

वर्षअखेरीचे सर्वांत महत्त्वाचे लेखन प्रगतिपुस्तकात होते. श्रेणींच्या तक्त्यासोबत वर्णनात्मक नोंदींसाठी तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. अनेकदा हे रकाने तयार नोंदींच्या यादीतून भरले जातात. ‘नियमित शाळेत येतो’, ‘चित्रे छान रंगवते’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’ अशी वाक्ये मग वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या वाट्याला येतात. त्यांत खोटे काही नसते, पण मूलही नसते. दुसऱ्या प्रकारची नोंद अशी असते : ‘वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतो, पण आठवडी बाजारातला सुट्या पैशांचा हिशेब तोंडी अचूक सांगतो.’ किंवा ‘वर्गात बोलत नाही, अंगणवाडीतल्या लहान भावंडांना गोष्ट मात्र हावभावांसह सांगते.’ अशा एका वाक्यात मुलाची अडचण आहे, ताकद आहे आणि पुढे कोणत्या वाटेने जायचे त्याची दिशाही आहे. हातचा शिकवायला बाजाराचा हिशेब वापरावा, हे पुढच्या शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. अशी नोंद लिहायला वर्षभर पाहावे लागते. म्हणूनच ती मूल्यमापनाचा सर्वांत प्रामाणिक भाग ठरते.

ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या शाळांना वर्षअखेर आणखी एका अंगाने भिडते. दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर कारखान्याकडे गेलेली मुले हंगाम संपला की मार्च-एप्रिलात परततात. काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली असतात, पण सगळ्यांनाच ते जमत नाही. फडाजवळच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय झाली आहे, पण खोपी कुठे पडेल आणि शाळा किती लांब असेल यावर सारे अवलंबून असते. परतलेले मूल ऐन परीक्षेच्या तोंडावर वर्गात बसते, तेव्हा त्याच्या हजेरीत चार-पाच महिन्यांची पोकळी असते. त्याला मागे ठेवण्याची तरतूद या इयत्तांत नाही आणि ते योग्यच आहे. पण वरच्या वर्गात ढकलून भागत नाही. काय सुटले त्याची नेमकी यादी करून जूनपासून ते भरून काढणे, हेच त्या मुलाचे खरे मूल्यमापन. शिक्षक तोच राहिला तर हे होते. बदली झाली आणि नोंद नसली, तर मुलाच्या अडचणीला ‘कच्चा आहे’ एवढेच नाव उरते.

त्याच दिवसांत शाळेच्या दुसऱ्या टोकाला नवी मुले उभी असतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत शिक्षक घरोघरी फिरतात. पटावर शिक्षकांची पदे ठरतात आणि पट घसरला की शाळेच्या अस्तित्वावरच प्रश्न येतो, त्यामुळे या फेऱ्यांत कळकळ असते. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणारे मूल पहिलीला पात्र धरले जाते. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात एप्रिल आणि जूनमध्ये मेळावे होऊ लागले. शाळेच्या आवारात टेबले मांडतात आणि मूल आईचा हात धरून एकेका ठिकाणी जाते. एका ठिकाणी दोरीवरून तोल सांभाळत चालायचे, दुसरीकडे डाळी-बिया वेगळ्या करायच्या, तिसरीकडे चित्र पाहून बोलायचे, चौथीकडे खडे मोजून द्यायचे. काय जमले आणि काय अजून जमायचे आहे, ते विकासपत्रात लिहिले जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मातांचे गट घरच्या घरी त्याचा सराव घेतात आणि जूनच्या मेळाव्यात पुन्हा पाहिले जाते. कात्री धरून सरळ रेषेत कागद कापणारे पाच वर्षांचे मूल जीभ दाताखाली धरून सगळे अंग त्या कामात घालते. बोटांची ही तयारी झाली, की पेन्सिल धरणे त्याला जड जात नाही.

तरीही अंगणवाडी आणि पहिली यांच्यामध्ये एक भेग राहते. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून हे दोन प्रवाह वेगळे चालत आले. अंगणवाडीताई बहुधा गावातली असते. मुलाची वजन-उंची, आजारपणे, घरची परिस्थिती, ते कशाने रडते आणि कशाने गप्प होते, हे तिला तीन वर्षे ठाऊक असते. पहिलीच्या शिक्षकाकडे येते ते बहुतेक वेळा नाव आणि जन्मतारीख. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला, पण कागदावरचा स्तर जोडल्याने दोन खोल्यांतले अंतर आपोआप मिटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी शोधले गेले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्या भावंडाला सांभाळायचे म्हणून घरी राहणारी आदिवासी मुलगी भावंडाला घेऊनच शाळेत येऊ लागली. मुलाचे वय वाढले तरी माणसे आणि परिसर बदलत नव्हता. आजच्या छोट्या शाळेत भिंत तीच असते, आवार तेच असते. एप्रिलमध्ये अंगणवाडीताई आणि पहिलीच्या बाई शेजारी बसून येणाऱ्या एकेका मुलाविषयी बोलल्या, तर कोसबाडचा विचार एका दुपारी प्रत्यक्षात येतो. त्याला निधी लागत नाही.

चौथीचा निरोप हे वर्षअखेरीचे दुसरे टोक. तिसरीची मुले खोली सजवतात, पुरी-भाजी आणि गोडाचा बेत होतो. ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणून पाठ केलेले मनोगत चार ओळींनी अडते आणि मग मूल आपल्या शब्दांत बोलू लागते : पहिल्या दिवशी कोणी हात धरला, कोणाबरोबर भांडण झाले, कोणी पाढे शिकवले. पुढे पाचवीला शेजारच्या गावाची शाळा किंवा हायस्कूल, मोठा वर्ग, विषयागणिक वेगळे शिक्षक. सोबत जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर प्रगतीच्या आणि वर्तणुकीच्या रकान्यांत बहुतेकांना ‘चांगली’ हाच शब्द मिळतो. कायद्याच्या कामाला तो पुरतो. ज्याच्यावर चार वर्षे मेहनत घेतली त्या मुलाची ओळख करून द्यायला तो पुरत नाही. प्रगतिपुस्तकातली नेमकी नोंद, नाहीतर पाचवीच्या शिक्षकांना केलेला एक फोन, मुलाला नव्या जागी अनोळखी राहू देत नाही.

महाराष्ट्र दिनी, १ मे ला, सकाळी झेंडावंदन झाल्यावर निकाल लागतो. धुतलेल्या गणवेशातली मुले रांगेत बसतात, पालक कडेला उभे राहतात आणि नाव पुकारले की प्रगतिपुस्तक हातात येते. कोणालाही नापास करायचे नसल्याने या सकाळी भीती कमी असते, आणि ती तशीच असावी. शिक्षकाने प्रत्येक पालकाशी दोन मिनिटे बोलावे, श्रेणीआधी ‘सुधारणा आवश्यक’ हा तिसरा रकाना वाचून दाखवावा आणि सुट्टीत घरी काय करता येईल ते सांगावे, यासाठी याहून चांगला दिवस वर्षात नाही. वाचता न येणाऱ्या आईपर्यंत तिच्या मुलाचे वर्ष पोचते ते या बोलण्यातूनच.

मुले गेल्यावर शाळेत कागदांचे काम उरते. निकालपत्रक, जनरल रजिस्टरमधल्या नोंदी, जडवस्तूंची यादी, पोषण आहाराच्या शिल्लक धान्याचा हिशेब. बऱ्या अवस्थेतली पाठ्यपुस्तके गोळा करून पुढच्या वर्षासाठी ठेवली जातात. अंगणवाडीतल्या आहाराच्या आणि वजन-उंचीच्या नोंदी उन्हाळ्यातही चालू राहतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. तेव्हा बहुतेक मुलांपुढे तेच शिक्षक आणि तीच खोली असते. मोठ्या शाळेत दर वर्षी तुकडी आणि शिक्षक बदलतात, ओळख नव्याने करावी लागते. छोट्या शाळेला ते करावे लागत नाही, आणि हीच तिची सर्वांत मोठी संपत्ती आहे. फक्त दोन ठिकाणी ही ओळख तुटण्याचा धोका असतो : अंगणवाडीतून पहिलीत येताना आणि चौथीतून पाचवीत जाताना. या दोन जागा सांधल्या, तर वीस-तीस मुलांची दोन खोल्यांची शाळाही मुलाला पूर्ण शिक्षण देऊ शकते. पट कमी म्हणून अशी शाळा बंद करण्याचा विचार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी निर्णयाआधी तिथे एक एप्रिल महिना बसून पाहावे.