अंड्यांपुरती जागा

मोहाची ढोली. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांच्या पाळीवर मोह, अर्जुन, जांभूळ, आंबा अशी जुनाट झाडं उभी असत. एखादी फांदी मोडे, जखमेत पाणी मुरे, लाकूड कुजे आणि वर्षानुवर्षांनी ढोली तयार होई. काणूक तिच्यात अंडी घालते. आपल्याकडचं सगळ्यांत लहान बदक. नकटा हे बदकही ढोलीतच अंडी घालतं, पण त्याचं अंग थोराड, ढोली तशीच ऐसपैस लागते. दोघांनाही ती स्वतः कोरता येत नाही. म्हणजे आधी झाड म्हातारं व्हायला हवं, आणि तोवर कुणी ते पाडायला नको.

काणुकीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच ढोलीच्या तोंडाशी चढतात आणि खाली उडी टाकतात. पंख फुटलेले नसतात. वजन जेमतेम, अंगावर लव, त्यामुळं निभावतं. पुढं पाण्यापर्यंत आईमागं चालत जायचं. जिथं तलावाचं ‘सुशोभीकरण’ झालं तिथं मध्ये पेव्हर ब्लॉक आणि कठडा.

वठलेलं झाड. गावाला सरपण, कागदोपत्री धोकादायक. पहिली कुऱ्हाड त्यालाच.

दुसऱ्याचं सोडलेलं घरटं. अडई या बदकाला ढोली मिळाली तर उत्तम, नाहीतर बगळ्याचं, कावळ्याचं जुनं घरटं चालतं, तेही नसलं तर काठचं गवत. इतकी तडजोड करते म्हणूनच ती अजून थव्यानं दिसते, असं मला वाटतं.

न कापलेलं गवत. हळदी-कुंकू बदक जमिनीवरच, पाण्यालगतच्या दाट गवतात घरटं करतं. आत पिसांचं अस्तर. बांध ‘स्वच्छ’ ठेवण्याची हौस त्याच्या मुळावर येते.

मालगुजार. हे तलाव गोंड राजवटीत मुख्यतः कोहळी समाजानं बांधले, नवेगावबांध त्यांतलाच. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारांसाठी गळा काढायचं कारण नाही. मात्र गाळ कुणी काढायचा हा प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाही, आणि उथळ झालेल्या तलावात बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतलं हे झुडूप, कुंपणाला लावलेलं. गुरं तोंड लावत नाहीत.

देवधान. तलावात आपसूक उगवणारा रानटी भात. पिल्लांना आडोसा, वरून झडलेलं बी खायला. बेशरमीखाली ते गुदमरलं. अलीकडं काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजानं, त्यातही बायकांनी, कंबरभर पाण्यात उतरून बेशरम उपटली आणि देवधान व पाणवनस्पती पुन्हा लावल्या. मासळीसाठी लावल्या, बदकांना फायदा झाला तर तो वरकड.

पावसाळ्यातलं माणूस. पाणपक्ष्यांची गणना जानेवारीत होते. तेव्हा उत्तरेकडून चक्रवाक आलेले असतात, दुर्बिणीही येतात. काणूक, नकटा, अडई, हळदी-कुंकू या चौघांची वीण मात्र पावसाळ्यातली, पाळीवर चिखल आणि जळवा असताना. जानेवारीत गेल्या पावसाळ्यातलं पिल्लू आईबापांच्या थव्यात मिसळून गेलेलं असतं. ते कुठल्या ढोलीतून उतरलं हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.